राउटर आपोआप बंद-चालू होतोय? आधी गच्चीवरची टाकी आठवा

सहकारनगरच्या आत्याचा फोन आला तो तक्रारीचा नव्हता, निकाल लावूनच तिने फोन केला होता. “अरे, आमचा राउटर गेलाय. नवा कुठला घेऊ तेवढं सांग.”

रोज सकाळी तिचा योगासनांचा ऑनलाइन वर्ग असतो. पावणेसातच्या सुमाराला, म्हणजे सूर्यनमस्कार संपत आले की, राउटर तिच्याही आधी शवासनात जायचा. दोन-तीन मिनिटांनी आपला आपण उठायचा, आणि मग दिवसभर बहुतेक गप्प चालायचा. संध्याकाळी कधीतरी एखादा झटका, बस. नेट पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा भर दुपारी, दोन्ही वेळा सगळं उत्तम चालू असताना. “राउटर जुना झालाय, बदला,” असं सांगून दोन्ही वेळा चहा पिऊन गेला.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी प्रिंटरपासून गीझरपर्यंत जे जे विजेवर चालतं ते सगळं माझं खातं. या खात्यावर असल्यामुळे आतापर्यंत बरेच राउटर हाताखालून गेले, आणि त्यातून एक शंका घ्यायची सवय लागली: आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या राउटरच्या घरी पहिला संशयित राउटर नसतो, त्याच्या वायरीच्या टोकाला लटकणारा तो काळा ठोकळा असतो. अ‍ॅडॅप्टर. सगळ्यात स्वस्त भाग, आणि त्याच्यावर संशय जातो सगळ्यात शेवटी.

आत्याला म्हटलं, “काही घेऊ नकोस. उद्या सकाळी येतो.”

नेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

“नेट गेलं” हे वाक्य आपण तीन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो. एका प्रकारात बाहेरून येणारी लाइन तुटलेली असते. राउटर ठणठणीत असतो, मोबाइलवर वाय-फायचं नाव दिसतं, फोन जोडलेलाही असतो, फक्त काही उघडत नाही. फायबर असेल तर डब्यावरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होतो. काचेच्या तारेतून येणारा प्रकाश पोचत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. हे दुखणं राउटर बदलून जात नाही. दुसऱ्या प्रकारात एकट्या तुमच्या फोनचं वाय-फाय सुटतं आणि बाकी घर मजेत असतं. तो फोनचा किंवा मधल्या भिंतींचा प्रश्न. तिसरा प्रकार आपला: दिवे एकदम जातात, वाय-फायचं नावच मोबाइलच्या यादीतून नाहीसं होतं, मग एकेक दिवा लागत दोन-तीन मिनिटांत सगळं पूर्वपदावर येतं.

यात एक चकवा आहे. बरेच राउटर वाय-फाय दोन पट्ट्यांवर देतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारचा पहिला मान असतो. राउटरला रडारसारखा संकेत जाणवला की त्याला ते चॅनेल सोडावं लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर बसण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं. तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झचं नाव गायब. घरातल्या माणसाला वाटतं राउटर बंद पडला. पण २.४ गिगाहर्ट्झचं नाव तेव्हा जागेवर असेल तर हा रीस्टार्ट नव्हे. सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी एक ठेवलं की ही भानगड संपते.

दिव्यांकडे बघत बसायला कुणाला वेळ नसेल तर राउटरलाच विचारता येतं. त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका, त्याच स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड द्या, आणि ‘स्टेटस’च्या पानावर ‘अपटाइम’ शोधा. राउटर शेवटचा चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याच राउटरमध्ये दोन अपटाइम दिसतात, एक यंत्राचा आणि एक ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा. यंत्र वीस दिवस चालू आहे आणि वॅन दोन तासांपूर्वी जोडला गेलाय असं दिसलं, तर राउटरला दोष देऊ नका, लाइनची तक्रार नोंदवा. यंत्राचाच अपटाइम दोन तासांचा असेल तर पुढे वाचा.

‘सिस्टीम लॉग’, म्हणजे राउटरची नोंदवही, उघडलात तर आणखी एक गंमत दिसेल. मधूनच एखाद्या ओळीवर तारीख असते १ जानेवारी १९७०. घाबरायचं कारण नाही. घरगुती राउटरमध्ये सहसा वेळ जपून ठेवणारी बॅटरी नसते. चालू झाला की तो शून्यापासून मोजायला लागतो, आणि या जातीच्या यंत्रांचं शून्य म्हणजे १९७० सालचा पहिला दिवस. इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. त्यामुळे लॉगमध्ये जिथे जिथे १९७० उगवतं, तिथे तिथे राउटर नव्याने जन्मलेला आहे. (काही कंपन्या १९७० ऐवजी दुसरी ठरावीक तारीख ठेवतात, तर्क तोच. आणि काही राउटर बंद पडताना लॉगच पुसून टाकतात. तेव्हा वही-पेन्सिल.)

आत्याच्या राउटरचा अपटाइम होता २३ तास ५१ मिनिटं. आदल्या दिवशीचा शवासनाचा मुहूर्त मिनिटासह हाती आला.

ठोकळ्याच्या पोटात काय असतं

भिंतीतून येते ती २३० व्होल्टची एसी वीज. राउटरला हवी असते १२ व्होल्टची डीसी, काहींना ९ किंवा ५ व्होल्टची. हे रूपांतर तो ठोकळा करतो, आणि त्याची अडचण समजायला पुणेकरांना फार लांब जावं लागणार नाही.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, एखाद्या गुरुवारी येतच नाही. तरी नळ सोडला की धार लागते, कारण गच्चीवर टाकी आहे. विजेचंही तसंच. एसी वीज सलग येत नाही. ५० हर्ट्झ म्हणजे ती सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते. त्या प्रत्येक खळग्यात राउटर बंद पडू नये म्हणून अ‍ॅडॅप्टरमध्ये एक टाकी असते. तिला कपॅसिटर म्हणतात. करंगळीच्या पेराएवढं नळकांडं. विजेची लाट वर गेली की ते भरतं, खाली आली की त्यातली वीज वापरली जाते. पुढे १२ व्होल्टच्या बाजूला आणखी एक छोटी टाकी असते, मोरीतल्या पिंपासारखी. वाय-फाय सिग्नल फेकताना राउटर एकदम जास्त वीज ओढतो, तेव्हा ते पिंप उपयोगी पडतं.

टाकीत गाळ साचतो तसे हे कपॅसिटर म्हातारे होतात. त्यांच्या आत एक द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो. त्यांचं आयुष्यही बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमधल्या कपॅसिटरचं सहसा असतं ते १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास. हा आकडा ऐकून दचकू नका. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. ठोकळ्याच्या आत ६५ अंश असतील तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. राउटर आपण कधीच बंद करत नाही, त्यामुळे हे होतात सुमारे साडेतीन वर्षं. तोच ठोकळा टीव्हीच्या बंद कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या पाठीला चिकटून ७५ अंशांवर भाजत असेल तर १६,००० तास. दोन वर्षंसुद्धा नाहीत. “पहिली दोन-तीन वर्षं काही त्रास नव्हता हो,” हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! त्यामागे बहुतेक वेळा हे गणित असतं.

म्हाताऱ्या कपॅसिटरचं दुखणं दुहेरी असतं. एक तर टाकी लहान होते. दुसरं, तिच्या पाइपात क्षार धरल्यासारखं होतं: आत वीज आहे, पण गरजेच्या क्षणी ती झटकन बाहेर येत नाही. म्हणूनच मल्टिमीटर लावून अ‍ॅडॅप्टर तपासणं फसवं ठरतं. राउटरला न जोडता मोजलंत तर सरळ १२ व्होल्ट दाखवेल. सगळे नळ बंद करून टाकीतली पातळी मोजण्यातला प्रकार. धार कशी आहे हे नळ सोडल्यावर कळतं.

आणि धार मंदावली की राउटर काय करतो? त्याच्या मुख्य चिपला एक पहारेकरी दिलेला असतो. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली घसरलं की तो चिपला ताबडतोब रीसेट करतो, कारण अर्धपोटी चिप भलतंसलतं लिहून बसण्यापेक्षा पहिल्यापासून सुरुवात केलेली बरी. घसरण एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी असली तरी पुरते. आपल्याला दिसतो तो रीस्टार्ट.

पावणेसातचा आरोपी

पहिल्या सकाळी मी कप घेऊन राउटरसमोर बसलो. आत्या हॉलमध्ये सतरंजीवर. ६ वाजून ४७ मिनिटांनी खालून घुर्र आवाज आला, जिन्यातला बल्ब क्षणभर मिणमिणला आणि राउटरचे दिवे गेले. सोसायटीच्या पाण्याचा पंप! वॉचमनकाका महापालिकेचं पाणी हौदात आलं की पंप लावतात, रोज त्याच सुमाराला.

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पंप, लिफ्ट, फ्रिजचा कॉम्प्रेसर, सगळ्यांचं हेच. तेवढ्यापुरतं इमारतीतलं व्होल्टेज खाली येतं. धडधाकट अ‍ॅडॅप्टरला याचं काही वाटत नाही. त्याच्यावर ‘१०० ते २४०’ असं छापलेलं असतं ते उगीच नाही. शिवाय वीज पूर्ण गेली तरी १० ते २० मिलीसेकंद तो टाकीतल्या साठ्यावर तग धरतो. पण आत्याच्या अ‍ॅडॅप्टरची टाकी आटलेली होती. म्हणजे गच्चीवरची टाकी भरायला लावलेला पंप राउटरची टाकी रिकामी करत होता. संध्याकाळचा एखादा झटकाही कळला: शेजारच्या विंगची लिफ्ट नाही, आत्याच्याच स्वयंपाकघरातला मिक्सर. अ‍ॅडॅप्टर, फ्रिज आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नांदत होते.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या सकाळी मी घरून दुसरा अ‍ॅडॅप्टर नेऊन लावला. पंप सुरू झाला, बल्ब मिणमिणला, राउटर ढिम्म. तिसऱ्या सकाळी मुद्दाम जुना परत लावला. पंप सुरू, राउटर बंद. हा परत लावून बघण्याचा भाग लोक टाळतात. एकदा सुरळीत चाललं की कोण पुन्हा वाकड्यात शिरेल? पण योगायोगाने बरं झालेलं आणि औषधाने बरं झालेलं यांतला फरक तेवढ्यानेच कळतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अ‍ॅडॅप्टर, जागा आणि सॉकेट तिन्ही एकदम बदललंत तर दोष जाईल, पण कशाने गेला ते कळणार नाही, आणि सहा महिन्यांनी तो परत आला की पुन्हा पाटी कोरी.

अ‍ॅडॅप्टर बदलताना

राउटरच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते बघा, उदाहरणार्थ ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला म्हणून राउटर जळत नाही. मोठ्या हंड्यातून आपण तहानेपुरतंच पाणी घेतो. उलट १ अँपिअरच्या राउटरला अर्ध्या अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावलात, तर तो चालू होईल, दिवे लावेल, आणि घरातली चार माणसं एकदम व्हिडिओ बघायला बसली की कोसळेल. घरोघरी हा घोळ होतो, कारण राउटर, सेट टॉप बॉक्स आणि कॅमेऱ्याचे अ‍ॅडॅप्टर दिसतात सारखे आणि साफसफाईत अदलाबदल होतात. दिवाळीनंतर सुरू झालेल्या तक्रारीत मी हे आधी बघतो.

पिनही बघायची. बाहेरून ५.५ मिलिमीटरची गोल पिन सर्रास दिसते, पण तिच्या आतलं भोक २.१ मिलिमीटरचं असतं किंवा २.५. मोठ्या भोकाची पिन बारीक सॉकेटात जाते, चालतेही, फक्त सैल बसते. टेबलाला धक्का लागला, पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली की राउटर बंद. तपासणी सोपी आहे: राउटर चालू असताना पिन हलकेच हलवा. पॉवरचा दिवा लुकलुकला तर आरोपी सापडला. तिसरी खूण म्हणजे लेबलवरचं छोटं चित्र, एक ठिपका आणि त्याभोवती अर्धवट वर्तुळ, अधिक-उणे चिन्हांसह. अधिक आत आहे की बाहेर ते जुन्या-नव्यावर सारखं हवं.

खरेदीसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. फक्त “वायफायचा अ‍ॅडॅप्टर द्या” असं म्हणू नका, जुना सोबत न्या. नव्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. अशा अ‍ॅडॅप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. हातात घेऊन वजनही बघावं. फुलासारखा हलका असेल तर टाकी किती मोठी दिली असेल याचा अंदाज करा. हे शास्त्र नव्हे, पण मला आजवर उपयोगी पडलंय. आणि जुना ठोकळा उघडून आत काय फुगलंय ते बघायचा मोह आवरा: त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठते, आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथेच असते. राउटर कंपनीचा असेल तर अ‍ॅडॅप्टरही त्यांचाच असतो. “अ‍ॅडॅप्टर बदलून हवाय” असं नेमकं सांगून मागा. नुसतं “नेट जातं” म्हटलंत की लाइन तपासून परत जातील.

इन्व्हर्टर आणि छोटा यूपीएस

घरात इन्व्हर्टर आहे तरी लाइट गेली की राउटर रीस्टार्ट होतो, ही तक्रारही नेहमीची. लाइट जाऊन बॅटरीची वीज सुरू होण्यात काही मिलीसेकंदांचं अंतर पडतं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक बटण असतं, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं लिहिलेलं. यूपीएसवर असताना अदलाबदल झटपट होते, दुसऱ्यावर ती रेंगाळते. पंख्याला फरक कळत नाही, राउटरला कळतो. बटण फिरवून बघा, फुकटचं औषध आहे.

राउटरसाठी मिळणारा पुस्तकाएवढा छोटा यूपीएस मला आवडतो, पण त्याच्या खोक्यावरचे आकडे जपून वाचा. ‘१०,००० एमएएच’ हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने असतं, राउटरच्या १२ व्होल्टच्या नव्हे. म्हणजे साठा ३७ वॉट-तासांचा. राउटर ८ वॉट खात असेल तर साडेचार तास, आणि रूपांतरातली गळती धरली तर त्याहून कमी. तेही पुष्कळ झालं. पण हा यूपीएस बसवल्यावर कधीकधी उलटंच घडतं: लाइट गेली तेव्हा राउटर चालू राहतो, आणि लाइट आल्यावर बंद पडतो! कारण यूपीएसला मागून वीज देतो तो राउटरचाच जुना १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर. त्याला आता रिकामी बॅटरीही भरायची असते आणि राउटरही चालवायचा असतो. यूपीएसवर इनपुट २ अँपिअर लिहिलं असेल तर त्याला २ अँपिअरचाच द्या. आणि दोन-तीन वर्षांनी सेल थकले, की हा रक्षकच रीस्टार्टचं कारण होतो. त्याला मधून काढून राउटर थेट लावून बघणं हा पाच मिनिटांचा तपास. डबी फुगलेली दिसली तर मात्र वापर तिथेच थांबवा.

ऊन, पेनड्राइव्ह आणि बाकीचे

अ‍ॅडॅप्टर निर्दोष सुटला तर पुढचा संशय उष्णतेवर. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंशांच्या हवेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, माळ्यावर ठेवलेल्या राउटरभोवतीची हवा त्याहूनही गरम असते. रीस्टार्ट दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान होत असतील तर टेबलफॅनचं तोंड राउटरकडे करा. दोन दुपारी बंद पडला नाही, तर त्याला उघड्यावर आणा. लोक राउटर लपवतात, कारण तो दिसायला वाईट. आत्याने तर त्याच्यावर विणलेला रुमाल घातला होता. रुमाल खालच्या जाळ्या झाकतो, आत हवा फिरत नाही. मी तो काढल्यावर तिने तो लँडलाइनवर घातला, तिथे चालेल.

राउटरच्या यूएसबीत कुणी हार्डडिस्क लावून ठेवली असेल तर ती त्याच अ‍ॅडॅप्टरमधून जेवते, काढून बघा. भिंतीवर टांगलेल्या राउटरचं रीसेट बटण खिळ्याला किंवा वायरीला दाबलं जात नाही ना तेही बघा. एकाच लॅन वायरीची दोन्ही टोकं चुकून राउटरला लावलेली सापडली की हसू येतं, पण मग माहिती गोल गोल फिरत राहते आणि राउटर गुदमरतो.

रोज रात्री तीन-चारच्या सुमाराला ठरावीक वेळी होणारा रीस्टार्ट हा आजारच नव्हे. सेटिंगमध्ये ‘रीबूट शेड्यूल’ चालू असेल, किंवा राउटर स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, अद्ययावत करत असेल, किंवा कंपनी दुरून करत असेल; कंपनीने दिलेल्या डब्यांना दुरून आज्ञा देण्याची सोय असते. झोपेत असताना होतंय, होऊ द्या.

डोकं बिघडलं असेल तर

वीज आणि उष्णता दोन्ही स्वच्छ निघाली की मग सॉफ्टवेअर. राउटर हा छोटा संगणकच, फक्त त्याची मेमरी बेताची, बऱ्याच जणांत ६४ किंवा १२८ एमबी. घरातलं प्रत्येक उपकरण बाहेर जी जी जोडणी करतं तिची नोंद त्याला ठेवावी लागते. टॉरंट लावलं की अशा जोडण्या शेकड्यांनी उघडतात. फर्मवेअरमध्ये चूक असेल तर वापरलेली मेमरी मोकळी होत नाही, साचत जाते, आणि एक दिवस राउटर गोठतो. अशा वेळी त्याला उठवायला आत एक घड्याळ असतं. मोबाइलच्या गजरासारखं: मुख्य प्रोग्रॅम शुद्धीवर असेपर्यंत तो दर थोड्या वेळाने गजर पुढे ढकलत राहतो. ढकलला नाही, तर घड्याळ समजून जातं की धनी बेशुद्ध आहे, आणि सरळ रीस्टार्ट करतं. इंग्रजीत त्याला ‘वॉचडॉग’ म्हणतात. रीस्टार्ट पंप-मिक्सरशी जुळत नाहीत, उन्हाशी जुळत नाहीत, पण भरपूर डाउनलोडच्या रात्री किंवा दर तीन-चार दिवसांनी होतात, तर शंका इथे घ्या. उपाय म्हणजे फर्मवेअर नवं करणं. लॅनच्या वायरीने लॅपटॉप जोडून, आणि लाइट जाण्याची शक्यता असलेल्या गुरुवारी नव्हे. अर्ध्यावर वीज गेली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही.

जुन्या, वर्षानुवर्षं अद्ययावत न केलेल्या राउटरमध्ये बाहेरचा उपद्रवी प्रोग्रॅमही शिरलेला असू शकतो. २०१६ साली ‘मिराई’ने कॅमेरे आणि राउटर असेच कामाला लावले होते, आणि शिरकाव केला होता कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. तो मेमरीत राहायचा, त्यामुळे रीस्टार्टने पुसला जायचा. पासवर्ड तोच असेल तर थोड्या वेळात परत यायचा. म्हणून स्टिकरवरचा अ‍ॅडमिनचा पासवर्ड आजच बदला, राउटर बरा असला तरी.

आणि एक हात जोडून विनंती. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. टाचणीने राउटर कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो, आणि त्याच्यासोबत तुमच्या जोडणीचं यूजरनेम, पासवर्ड आणि कंपनीने भरलेली बाकी माहितीही जाते. अधूनमधून जाणारं नेट मग कायमचं जातं, कंपनीचा माणूस येईपर्यंत. करायचंच झालं तर आधी त्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

एक दुखणं घरी बरं होत नाही. वळवाचा पाऊस, कडाडलेली वीज, आणि दुसऱ्या दिवसापासून राउटर वेड्यासारखा दर दहा मिनिटांनी बंद. गच्चीवरच्या डब्यातून तांब्याची लॅन वायर घरात येत असेल तर विजेचा लोट तिच्यातून थेट राउटरच्या पोटात शिरू शकतो, अ‍ॅडॅप्टर काढून ठेवलेला असला तरीही. ढग गडगडायला लागले की ती वायरही काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, तिथे ही भीती नाही. पण एकदा पोळलेल्या राउटरला नवा अ‍ॅडॅप्टर, टेबलफॅन, फर्मवेअर, काहीच लागू पडत नाही. तेव्हा मात्र नवा घ्या.

आत्याला घ्यावा लागला नाही. तपकीर गल्लीतून १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आणला, फ्रिज-मिक्सरच्या बोर्डवरून काढून हॉलमधल्या स्वतंत्र सॉकेटला लावला. परवा गेलो तेव्हा अपटाइम होता ४१ दिवस. जुना ठोकळा मी टाकून देणार होतो, तिने हातातून काढून घेतला. “दिवा तर लागतोय की त्याचा!” म्हणाली. आता तो वायरींच्या डब्यात आहे, त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर तिच्या सुवाच्य अक्षरात: “खराब आहे. पंप चालू असताना लावू नये.”